मेणाची मांडी

चहा आधी संपवा, हसताना सांडला तर माझी जबाबदारी नाही. पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आमची हयात गेली, पण मी जी एक जन्माची माती खाल्ली ना, ती मातीत नाही, मेणात खाल्ली.

झालं असं. रोह्याहून खाडीच्या अंगानं गेलं की मिठागरांच्या मध्ये एक जुनं चर्च लागतं. पोर्तुगीजांच्या काळातलं. बाहेरून बघाल तर चुना फासलेलं साधं घर, पण आत गेलात की डोळे दिपतात. वेदीच्या मागं छतापर्यंत सोनेरी लाकूडकाम, पिळाचे खांब, खांबांवर चढलेले द्राक्षांचे वेल आणि कोपऱ्याकोपऱ्यात पंख लावलेली गुटगुटीत पोरं. मधोमध आई, म्हणजे मारिया. वर्षातून एकदा तिचा सण. तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं नवस फेडायला येतात. ज्याचं जे दुखतं, त्याचा मेणाचा आकार आईला वाहायचा. हात दुखला तर हात, डोकं दुखलं तर डोकं.

हे मेणाचे अवयव मुंबईहून यायचे. त्या वर्षी आणणारा माणूसच आजारी पडला. चर्चची देखभाल करणाऱ्या रोजामावशीनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, साचे तुझ्याकडं हायत, मेण मी देते, पण लोकं उपास धरून पायी येतात, त्यांना रिकाम्या हातानं आईपुढं उभं करू नको. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मावशीनं नमुना दाखवायला कपाट उघडलं. आता शहाण्या माणसानं काय करावं? नमुना बघावा की नाही? मी विचारलं, "मावशी, ह्या मिठागरात असलं काम केलं तरी कुणी?"

संपलं! माझा स्वभावच चौकस, बायकोच्या भाषेत भोचक. मावशी म्हणाली, गोव्याच्या सुतारांनी. घंटा वाजवणारा म्हातारा म्हणाला, छे, सुतार इथलेच, त्यांनी द्राक्षं कधी बघितली नव्हती, नीट बघ, ती करवंदं हायत. मी शिडी लावून बघून आलो. खरंच करवंदं वाटतात हो! मग मूर्ती आली कुठून? मिठागरवाले म्हणतात, भरतीला बांधावर लागली. भातशेतीवाले म्हणतात, नांगराला लागली. बुडत्या गलबतावरच्या खलाशाचा नवस होता, हे तिसरंच. मी एकेकाला गाठून विचारत बसलो आणि घरी आलो ते डोक्यात इतिहास गच्च भरून. नमुना बघायचा राहिला तो राहिलाच.

घरी मेण वितळवून साच्यात ओतलं. साचे कसले? अहो, गणपतीचे! आमच्याकडं दुसरं असणार काय? उजवा हात निघाला तो आशीर्वाद देणारा, डावा निघाला मोदकासकट. आमचा गणपती बसलेला, सुटा पाय निघणार कुठून? निघाली ती घातलेली अख्खी मांडी, तोड्यांसकट. डोक्याला सोंड नको म्हणून मी अक्कल लढवली आणि गौरीच्या मुखवट्याचा साचा घेतला. त्याला नथ. हे सगळं आमच्या डोळ्यांना इतकं सवयीचं, की काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट मी स्वतःवरच खूश होतो.

सणाच्या सकाळी मावशीनं पेटी उघडली. एक हात उचलला, उलटसुलट करून बघितला.

"ह्याच्यात काय हाय रे?"

"मोदक."

"आणि आईनं त्याचं काय करायचं?"

तोवर रांग लागली होती. दुसरं काही आणायला वेळ नव्हता. डोकेदुखीचा नवस असलेल्या एका मिशाळ शेतकऱ्यानं नथवाला मुखवटा हातात घेतला, परत ठेवला, आणि माझं एवढं काय दुखत नाय, म्हणून निघून गेला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

त्याच्या मागं हिराबाय. मिठागरात खपून दोन्ही गुडघे धरलेले, लेकीच्या खांद्यावर भार टाकत चालत आलेली. तिला पाय हवा होता, आणि पेटीत नुसत्या मांड्या. मावशी तिची समजूत घालायला लागली की गो, ह्या वर्साला सांभाळून घे, ह्या येड्यानं घोळ घातलाय. हिराबायनं मांडी उचलली. अंगठ्यानं तिचे मेणाचे गुडघे चाचपले.

"किती वर्सं झाली, पंगतीत मांडी घालून बसले नाय मी," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवून येगळं वाढतात मला. नुसता पाय घेऊन काय करू गो? मला हेच पायजे होतं."

तिनं ती मांडी आईपुढं ठेवली. मग काय, मांड्यांवर उड्या पडल्या, मोदकवाले हातही गेले. पेटीत एकटा गौरीचा मुखवटा उरला. मावशीनं तो काचेच्या कपाटात ठेवून दिला.

मला वाटलं, सुटलो. पण परवा चर्चचा इतिहास लिहायला मुंबईहून एक बाई आल्या. इतिहास म्हटल्यावर मी तिथं असणारच! कपाटासमोर थांबून त्यांनी विचारलं, हा मुखवटा कुठल्या काळातला, नवस कुणाचा? मी हळूच दाराकडं सरकलो.

मावशी म्हणाली, "पेणकडचा एक माणूस हाय. डोक्यासाठी दिलाय त्यानं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "बरं वाटलं का त्यांना?"

मावशीनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं.

"नाय अजून," ती म्हणाली. "पण आम्ही आशा सोडली नाय."