टीचर पाठ करून उभ्या राहायच्या

मी आज जो काही आहे, तो आमच्या नाचाच्या टीचरमुळे. वर्गात आल्या की त्या सरळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "तोंडाकडे बघून नाच येत नाही रे. माझ्या पाठीकडे बघा." समोर तोंड केलं तर त्या उजवा पाय उचलणार आणि मुलं, आरशात बघितल्यासारखी, डावा. पाठ असूनही त्यांना सगळं ऐकू यायचं. "तिसऱ्या रांगेत कोणाचा पाय उशिरा पडला?" तो बहुधा माझाच असायचा.

दर शनिवारी नंदाखालहून दोन बस बदलून त्या जूचंद्रच्या आमच्या शाळेत भरतनाट्यम शिकवायला येत. आधी भूमीला नमस्कार. एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी टोचलं, "टीचर, तुम्ही चर्चला जाणाऱ्या, आणि हे?" त्या म्हणाल्या, "आता तासभर तिला लाथा मारणार. आधी माफी नको मागायला?"

घरचा सराव म्हणजे दहा मिनिटं, पण रोज. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. मी चूल आणि दार यांच्यामधल्या जागेत नाचायचो. आई ओरडायची, "अरे, हंड्यातलं पानी सांडतंय!" टीचरना सांगितलं तर म्हणाल्या, "मग हंडा बघत नाच. पाणी उसळलं तर पाय आपटलास, नुसतं थरथरलं तर बरोबर ठेवलास."

दहावीनंतर बाबा मला मिठागरावर नेणार होते. टीचर घरी आल्या. बाबा म्हणाले, "बाई, पोरगा नाचून काय करनार?"

"नाचू नको म्हणा. पण रोज दहा मिनिटं न सांगता सराव करतो ना? असा मुलगा अभ्यासही करतो."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याच शाळेत आता शिकवतो.

यंदा मुख्याध्यापकांनी मला 'नृत्य : माहिती आणि घरचा सराव' असं पुस्तक लिहायला सांगितलं. मी किती आनंदाने लिहिलं! तीन गती, अर्धं बसून नाचण्याची ती रीत, पावलांचे बोल, सगळं टीचरच्या तोंडचं. पुस्तक छापून आलं आणि त्याच आठवड्यात टीचरचा शनिवार बंद झाला. कारण? त्यांच्याकडे पदवी नाही. शिवाय आता माहिती पुस्तकात आहे, नाच शाळेने मुलांना पाठवलेल्या व्हिडिओत आहे, मुलं घरी करतील. ज्या बाईने मला पदवीपर्यंत पोचवलं, तिला पदवी नाही म्हणून घरी बसवलं. आणि हत्यार माझंच.

वार्षिक संमेलनात वीस मुलं रंगमंचावर आली आणि विसाही जणांनी डावा पाय आधी टाकला. व्हिडिओतली बाई समोर तोंड करून नाचत होती ना! टाळ्या कडाडल्या. मी मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, सगळा नाच उलटा झाला."

"पालकांना कळलं का? नाही ना? मग झालं तर."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना नाच नको असतो, फोटो हवा असतो. पण राग त्यांच्यापेक्षा माझा मलाच जास्त आला. पुस्तकात मी सगळं लिहिलं होतं. पाठ करून उभं राहायचं, एवढंच लिहायचं राहिलं होतं. मला ती माहिती वाटलीच नव्हती.

महिनाभराने एका रात्री हे पत्र लिहिलं, आणि सकाळी टाकलं.

"टीचर, सा. न.

पुस्तकावरचं माझं नाव काढा, असं शाळेला लेखी दिलं आहे. तुम्हाला परत बोलवा, असंही त्यातच लिहिलं आहे. उत्तर अजून नाही. तोवर शनिवारी आमच्या अंगणात आठ मुलं येतात. आधी जमिनीची माफी मागतो. मग मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. उजवा पाय आता उजवाच पडतो. पण तिसऱ्या रांगेत कोण चुकतं, ते मला पाठमोरं ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी तरी या. बसथांब्यावर मी उभा असेन."