गाणं तुटलं की उतरायचं

माणूस गेला की त्याचे किस्सेही थांबतील, असं मला वाटलं होतं. पण शेलूबाजारच्या जीप स्टँडवर दादाचा रोज एक नवा किस्सा निघतो. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता सांगतो, कोणी जीप भरेपर्यंत सांगतो. त्यातले काही खोटे आहेत हे मला कळतं. मी कोणाला टोकत नाही. खोटं का होईना, तेवढा वेळ दादा स्टँडवर असतो.

मी सातवीतून शाळा सोडली. वेल्डिंग करतो. लिहायची सवय नाही. पण परवा रफीकभाई म्हणाले, "पप्या, खरं खरं लिहून ठेव. नाही तं हे लोक तुह्या दादाले इंग्लंडले पोचवून देतीन."

म्हणून लिहायला बसलो.

*

दादा म्हणजे संजय, माझा मोठा भाऊ. शेलूबाजार ते मंगरूळपीर काळी-पिवळी जीप चालवायचा. रफीकभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान माझ्या वेल्डिंगला लागून आहे आणि समोर गजूभाऊचं सलून. हे तिघं म्हणजे एका इंग्रजी बँडचे शेलूबाजारातले सगळे भक्त.

मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. पंजाबच्या एका ट्रकचे लाइट गेले होते. रफीकभाईंनी दुपारभर खपून ते चालू करून दिले. ट्रक गेल्यावर पाहिलं, तर ड्रायव्हरची एक कॅसेट दुकानातच राहून गेली होती. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. दादाच्या जीपचे स्पीकर तपासायला म्हणून रफीकभाईंनी तीच लावली. आतून एक माणूस ओरडायला लागला आणि त्याच्या मागून गिटार.

"याले कोणीतरी मारून राह्यलं," रफीकभाई म्हणाले आणि बंद करायला गेले.

दादानं त्यांचा हात धरला. म्हणाला, "मारून नाही राह्यलं. याचं कोणीतरी मेलं. आइकू दे."

ती कॅसेट पुन्हा जीपमधून निघाली नाही. गावातली पोरं दरवर्षी नवीन गाण्यांवर नाचली आणि ती गाणी विसरली. हे तिघं त्या एकाच कॅसेटवर म्हातारे व्हायला लागले.

*

कॅसेटवरचं शेवटचं गाणं सगळ्यात लांब. ते हळूहळू चढत जायचं, गिटार वर वर जायची आणि एकदम, मान मोडल्यासारखं, बंद. पुढे खर्रर्र.

तिथं टेप संपली होती. पण आमच्या लोकांना वाटलं, गाणंच तसं आहे!

गजूभाऊ गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून समजावून सांगायचा, "आपले गाणेवाले शेवट वढत बसते. याहिचं पाह्य. झालं म्हणजे झालं. हिंमत लागते बावा याले." गिऱ्हाईक मान हलवू शकत नव्हतं, त्यामुळे त्याला सगळंच पटायचं.

दादा स्टँडवरून निघताना ते गाणं लावायचा. बरोबर पिंपळाच्या फाट्यावर ते तुटायचं. तिथं दादा दारावर थाप मारायचा आणि लोक उतरायचे. रोजच्या माणसांना खिडकीतून बाहेर पाहायची गरजच राहिली नव्हती.

गंगूबाईला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. ती गाण्यावरच उतरायची. एकदा रस्त्याचं काम चालू होतं, जीप बैलगाडीच्या चालीनं चालली होती. गाणं तुटलं तेव्हा फाटा बराच लांब होता. दादाची समोरच्या ड्रायव्हरशी शिवीगाळ चालू होती, तेवढ्यात म्हातारी सवयीनं उतरून गेली. फाट्यावर आल्यावर दादाला कळलं. तो तसाच मागे गेला. ती तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

दादा म्हणाला, "माय, इतं काहून उतरली?"

ती म्हणाली, "मी बराबर उतरली. तुह्यं गाव हालून राह्यलं."

*

नंतर मोबाइल आले. मग त्यांना बँडचं नाव कळलं, चौघांचे चेहरे कळले. नाव मी इथं लिहीत नाही. दादा म्हणायचा, नाव घेतलं की कोणी ना कोणी येऊन आपला उच्चार सुधारतो.

गजूभाऊनं चौघांचा फोटो मोठा करून सलूनमध्ये लावला. खांद्याच्या खालपर्यंत केस, दाढ्या. खेड्यातून आलेले म्हातारे दाढीला बसायच्या आधी फोटोला हात जोडायचे. ते कोण आहेत, हे गजूभाऊनं कधी कोणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस त्यांच्यातला ड्रम वाजवणारा वारला. गजूभाऊनं सलून बंद केलं आणि पाटी लावली, "दुःखद निधनामुळे दुकान बंद आहे." बाजाराचा दिवस होता. लोकांना वाटलं, याच्या घरचं कोणी गेलं. माणसं टोपी काढून त्याच्या घरी जायला लागली. गजूभाऊ ओट्यावर खाली मान घालून बसलेला.

"कोण होते भाऊ?"

"लांबचे होते," गजूभाऊ म्हणाला. "पण आपले होते."

शेजारणींनी रिवाजाप्रमाणे बेसन-भाकर आणून दिली. गजूभाऊची बायको रागानं लाल झाली होती, पण आलेल्या अन्नाला ती नाही म्हणू शकली नाही. दादा आणि रफीकभाई बसायला गेले तेव्हा चौथ्या घरचं बेसन आलं होतं. तिघांनी ते खाल्लं. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, दादा खाताना रडत होता. मी हसलो तर मला म्हणाला, "तुले कळीन कधी."

कळलं.

*

गजूभाऊचा भाचा सुमित अमरावतीला कॉलेजात शिकतो. दिवाळीला आला होता. जीपमध्ये दादाच्या बाजूला बसला. गाणं तुटलं, दादानं दारावर थाप मारली, तर हा म्हणतो, "काका, हे अर्धंच आहे. अजून तेवढंच गाणं आहे पुढं."

मी मागच्या सीटवर होतो. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, आमच्या जीपमध्ये बसून आमच्या गाण्याला अर्धं म्हणतो? हात माझा पहिले उठतो आणि मागून डोकं चालतं. दादानं मला आवरलं.

त्यानं जीप बाजूला घेतली. सुमितनं मोबाइलवर गाणं काढून दाखवलं. स्क्रीनवर गाण्याची रेघ होती आणि आमचं गाणं तिच्या मध्यावर संपत होतं. दादा त्या उरलेल्या रेघेकडे बघत राहिला. प्रवासी कटकट करायला लागले.

"लावू का काका?"

"नोको," दादा म्हणाला. "आज नोको. एखाद्या चांगल्या दिवशी आइकू."

त्यानं ते पूर्ण गाणं माझ्या मोबाइलमध्ये घ्यायला लावलं आणि मला बजावलं, एकट्यानं ऐकायचं नाही. मी ऐकलं नाही. रफीकभाईंनी नाही, गजूभाऊनं नाही. रफीकभाईंची पोरगी नर्स झाली, माझी सोयरीक जुळली, पाऊस चांगला झाला. दरवेळी मी विचारायचो. आणि दादाला दरवेळी वाटायचं, याच्यापेक्षाही चांगला दिवस येईल.

*

खर्रा तर तो पहिल्यापासून खायचा. स्टँडवर कोण खात नाही? तोंड उघडेनासं झालं तेव्हा आम्ही त्याला घेऊन अकोल्याला गेलो.

एक सांगायचं राहिलं. दादा ती गाणी म्हणायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, शब्द त्याचे त्यानंच बनवले होते. पण आवाज असा लागायचा की मंगरूळपीरच्या शाळेतल्या पोरी भाडं थोडं जास्त देऊ पण संजूभाऊच्याच जीपमध्ये बसू म्हणायच्या.

डॉक्टर म्हणाले, जीभ अर्धी काढावी लागेल. आई भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या हातात फाइल होती, ती मी टेबलावर आपटली. काय बोललो ते आठवत नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी फाइल उचलून नीट ठेवली.

दादा त्या तोंडानं म्हणाला, "अर्धी राहीन ना? आपल्याले तं गाणंबी अर्धंच लागते."

ऑपरेशनच्या आधी मी मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, दादा, आज ऐकू. कोणता चांगला दिवस पाहतोस तू? त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

"बरा झालो का आइकू. ठेवून दे."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

*

बरा झाला नाही. नाकात नळी, गळ्याला भोक. माणूस रोज थोडा थोडा गादीत जिरत चालला होता. एका सकाळी मी त्याच्या कानाला मोबाइल लावला आणि गाणं सुरू केलं. त्याला न विचारता लावलं. मला वाटलं, आता राहिलेलं ऐकून घे बाबा, आता दिवसाची वाट पाहू नको. तो डोळे मिटून ऐकत होता. नेहमीच्या जागेवर गाणं आलं आणि त्यानं हात उचलून मोबाइल बाजूला ढकलला. मी बंद केलं. मला त्याचा राग आला. बाहेर जाऊन मी खूप रडलो.

दुपारी नातेवाइकांना वॉर्डाच्या बाहेर काढायचे. मोबाइल त्याच्या उशाशी चार्जिंगला असायचा, तो तिथंच राहायचा. मी आणि आई जिन्यात बसायचो.

मग त्यानं चमचा घेतला. स्टीलचा चमचा कॉटच्या लोखंडावर वाजवायचा. दोनदा हळू, एकदा जोरात. ठक ठक, ठाक. थोडा थांबायचा, पुन्हा ठक ठक, ठाक. बोलता तर येत नव्हतं. आई म्हणाली, "पानी मांगून राह्यला." ती उठायची, गिलासात पाणी घ्यायची आणि सिस्टर सिरिंजनं ते नळीतून द्यायची. तो डोळे मिटून घ्यायचा. वैतागून की हसून, त्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. थोड्या वेळानं पुन्हा ठक ठक, ठाक. आई पुन्हा उठायची.

सिस्टर एकदा रागावली, एवढं पाणी द्यायचं नसतं म्हणाली. आई तिला म्हणाली, "माह्या लेकराले तहान लागून राह्यली, आन तुमी मोजून देता?"

तो गेला त्या दिवशीही चमचा त्याच्या हातात होता. आईच्या हातात गिलास होता.

*

घरी दादाच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. वंदना झाली. भंतेजी अनित्यतेवर बोलले. दारात जीप उभी होती, धुऊन, हार घालून. रफीकभाईंनी तिच्यातून वायर काढून मांडवात स्पीकरचा बॉक्स ठेवला होता. आमच्यातले काही म्हणाले, अशा वेळी हे बरं दिसत नाही. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. भंतेजींनी मला जवळ बसवून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्याला आवडायचं का? मी मान हलवली. ते म्हणाले, मग वाजवा.

कॅसेट लागली. लांब गाणं. मांडवात सगळे त्याच्या जीपमधून फिरलेले. गिटार चढत गेली आणि तुटली. गंगूबाई मागच्या रांगेत बसली होती, ती सवयीनं अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली. गजूभाऊनं दादाच्या फोटोकडे पाठ केली.

रफीकभाई बॉक्स बंद करायला उठले. मी त्यांना बसवलं. कॅसेटची वायर उपटली, माझा मोबाइल जोडला, आणि जिथं आमचं गाणं तुटतं तिथून पुढचं लावलं. रफीकभाई ओरडले, "पप्या, नोको." मी ऐकलं नाही. माझ्याकडं दुसरा दिवस नव्हता.

गिटार नव्हती. ओरडणं नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं, मला वाटलं बॉक्स बिघडला. मग त्या मेलेल्या माणसाचा ड्रम आला, एकटाच.

ठक ठक, ठाक.

थोडं थांबून पुन्हा, ठक ठक, ठाक.

रफीकभाईंनी माझा दंड घट्ट धरला. मी आईकडे पाहिलं. ती बायकांमधून उठली होती. पदर सावरत ती माठाजवळ गेली, गिलासात पाणी घेतलं, आणि बॉक्ससमोर ते धरून उभी राहिली.