नानांची तांबडी चटणी

महाप्याच्या आमच्या कारखान्यात नवा दिवा तयार झाला की नाना आधी जेवणाचा डबा उघडायचे. भाकरी आणि लसणाची चटणी दिव्याखाली धरायची, शेजारी आपला पंजा. "चटणी तांबडी दिसाय पायजे, आन् हात जित्या माणसाचा." दोन्ही जमलं तरच जेवायचे. नाहीतर डबा बंद आणि आमचा उद्धार सुरू!

नाना मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्याच्या खोलीत एकटेच राहायचे, काकी गावी. त्यांचं काम दिव्यासाठी कण मिसळायचं. आमच्या दिव्यात आतून निळा उजेड येतो, त्याच्यापुढे क्वांटम डॉटची पातळ फिल्म. डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. लहान असले की हिरवा उजेड देतात, जरा मोठे असले की लाल. तिन्ही नीट जुळले की पांढरा. मी हे कॉलेजात शिकले होते आणि क्वालिटीत, म्हणजे दिवे तपासून पास केल्याची सही करायच्या कामावर, नवीनच लागले होते. "पोरी, पांढरं करणं सोपं हाय. खरं पांढरं करणं लई अवघड," नाना म्हणायचे. मला तेव्हा त्यांचा कंटाळा यायचा.

मग साहेबांना जास्त उजेड हवा झाला. लाल कणांमुळे उजेडाचा आकडा पडतो, म्हणून लाल-हिरवे काढून नुसते पिवळे घालायला लावले. निळ्यात पिवळा मिसळला तरी उजेड मोजायचा मीटर पांढराच म्हणतो. नानांनी डबा उघडला. चटणी शेणासारखी दिसत होती.

"खोटा उजेड हाय ह्यो. पोरी, सही करू नगंस."

"नाना, आपण दिवे विकतो, चटणी नाही," साहेब म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले आणि सही केली. लाल किती कमी आहे तो आकडा मीटरवर माझ्यासमोर होता. कोणी विचारला नाही, मी मूग गिळून बसले. जळली मेली ती नोकरी!

तोंड चालवतात म्हणून नानांना पॅकिंगला टाकलं. तिथे खिडकी नाही, आणि नेमके त्याच बॅचचे दिवे लावलेले. त्या उजेडात सगळ्यांचीच तोंडं पिवळट दिसायची. "आपण सगळे काविळीचे पेशंट," अशी आमची थट्टा चालायची. नाना पहाटे निघायचे, अंधार पडल्यावर घरी पोचायचे. डबा अर्धा परत जायला लागला, तर आम्हाला वाटलं रुसलेत.

एका दुपारी मी त्यांना बळेच गेटबाहेर चहाला नेलं. उन्हात त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे!

"इतके दिवस कोणाला दिसलं नाही?" डॉक्टर माझ्यावर ओरडले.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी रडत माफी मागितली. नाना उन्हात आपला पिवळा पंजा उलटासुलटा करून बघत होते.

"मीटर पांढराच म्हनला न्हवं? मग तुझी काय चूक, पोरी?" अगदी मनापासून म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्याने नाना गेले. पॅकिंगमध्ये अजून तेच दिवे आहेत. साहेबांना दोनदा सांगून झालं. रोज दुपारी मी पॅकिंगच्या बायकांना गेटबाहेर उन्हात जेवायला नेते आणि एकेकीचे डोळे बघते. त्या मला हसतात.