न पिता जाणारा तोल

सूर्यमाळहून पहिल्यांदा ठाण्याला निघालो त्या सकाळी आय रस्त्यापर्यंत आली होती. जीपच्या मागच्या फळीवर मला कशीबशी जागा मिळाली. आयने फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकऱ्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "पाणी पीत जा. पाणी कमी पडलं का तुझं अंग दुखतं." उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते, आणि ती बाई मला पाणी प्यायला सांगत होती. जीप वळणाआड जाईपर्यंत ती उभीच दिसत होती.

माझा सिकलसेल, हा रक्ताचा जन्मजात आजार, आश्रमशाळेत रक्त तपासलं तेव्हा कळला. पाड्यावरच्या तुम्हा सोबत्यांपैकी कितीतरी जण वीटभट्टीवर, बांधकामावर गेलात. मला ते झेपणारं नव्हतं. भातलावणीत चिखलात वाकलो की दुसऱ्या दिवशी हाडांतून कळा यायच्या. म्हणून बारावीनंतर ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन झालो. नुसतं उभं तर राहायचंय, असं वाटलं होतं.

काही वर्षांनी उजवा खुबा दुखायला लागला. त्या पायावर भार नको म्हणून मी नकळत डावीकडे कलून उभा राहू लागलो. चालताना झोक जायचा. एका सकाळी गेट उघडताना पायच लुळा पडला आणि मी उभ्या गाडीवर आदळलो. शाळेच्या बससाठी थांबलेल्या बायकांनी पोरांना मागे ओढलं. सुपरवायझर धावत आला. "सुबह सुबह पी के आया क्या? फूँक मार!"

सगळ्यांसमोर मी त्याच्या तोंडावर फुंकर मारली. वास आला नाही. तरी महिनाअखेरीस मला काढलं. "दिखने में ठीक नहीं लगता," एवढंच कारण.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. खुब्याच्या हाडाला रक्त नीट पोचत नाही, ते झिजलंय, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला आरशासमोर पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. "अगदी सरळ उभे राहा."

मी राहिलो. डोळे उघडले तर आरशातला माणूस वारा लागलेल्या झाडासारखा एका बाजूला झुकलेला.

"दुखणं चुकवता चुकवता शरीराला हेच सरळ वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझे खांदे धरून मला खरंच सरळ केलं, तेव्हा मला वाटलं, आता मी पडणार.

आता एका इमारतीच्या तळघरात बसून कॅमेऱ्यांचे पडदे बघतो. बसून करायचं काम आहे. दिवसभर लोक येताजाताना दिसतात, पण बोलायला कुणी नाही. माझी नजर मात्र त्यांच्या चालण्यावरच जाते. किती सहज चालतात माणसं, पायाकडे न बघता!

मागच्या शिमग्याला घरी आलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. रस्त्यावरून पाड्याकडे उतरताना भर दुपारी तोल गेला आणि मी बसकण मारली. पोरं हसली, "काका आताच झिंगला!" आय घरातून आली. तिने माझी हनुवटी वर केली आणि नाक माझ्या तोंडाजवळ आणलं.

बा दारूनेच गेला. त्याचं तोंड ती अशीच हुंगायची.

"आये, मी नाय पिलो."

"मंग असा का चालतोस?"

फोनवर मी कायम 'बरा आहे' एवढंच सांगत आलो होतो. तिचा हात धरून खुब्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने हात काढला नाही. म्हणाली, "इथंच ऱ्हा. मी हाय ना."

हो म्हणावंसं फार वाटलं. पण आमच्या दारातून पाऊल टाकलं की एक तर चढ, नाहीतर उतार. पाण्याला, शेताला, रस्त्याला, कुठंही जा. रात्री कळा आल्या तर दवाखाना किती लांब, हेही दोघांना ठाऊक होतं. राहिलो तेवढे दिवस घराच्या कुडाच्या भिंतीला धरधरून फिरलो. ती बघत होती. शेवटी तिनेच माझी पिशवी भरली. रस्त्यापर्यंत ती माझ्या उताराच्या बाजूने चालत आली, हळूहळू, वाटेत कुणी भेटलं तर बोलायला थांबत. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीमुळेच उशीर होतोय.

आता फोनवर ती 'जेवलास का' असं विचारत नाही. "टेकलास का?" विचारते. मी खुर्चीतून उठतो, घरी कुडाचा आधार घ्यायचो तशी तळघराच्या भिंतीला पाठ लावतो आणि म्हणतो, "टेकलो." मग ती बोलते. पाण्याचं, कोंबड्यांचं, कोण कामावरून परत आलं त्याचं. तिचं बोलणं संपेपर्यंत मी हलत नाही. माझं घर आता तेवढंच आहे.