पाटीवरचं नाव

आमच्या घरी बकऱ्याचं मटण परवडायचं नाही. स्वस्तात मिळालेल्या मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून आई दोरीवर वाळत घालायची. त्यांना चान्या म्हणतात. पावसाळ्यात मजुरी बंद झाली की त्याच भाजून भाकरीबरोबर खायच्या. वाटेने जाणाऱ्या बायका नाकाला पदर लावायच्या.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पुढे पीएचडीसाठी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले. इथल्या बार्बेक्यू स्पर्धेत मी निखाऱ्यावर चान्या भाजल्या आणि पाटीवर 'चान्या' असंच लिहिलं. पाहुणा परीक्षक होता आपल्याकडचा टीव्हीवरचा मोठा शेफ. मी मराठी म्हटल्यावर तो खूश झाला. मग त्याने पाटी वाचली.

"आडनाव काय तुमचं?"

"पदार्थाचं नाव लिहिलंय. तेवढ्यावर मार्क द्या."

"अहो, आपल्याकडे हे कुणी खात नाही. इथल्या लोकांचा गैरसमज होईल. पाटीवर नुसतं 'बीफ' लिहा, मी सांभाळून घेतो."

"तुमच्याकडे खात नसतील. मी हे खाऊन शिकले."

"कशाला चारचौघांत हे?"

"तुम्ही चाखणार आहात की नुसतं आडनावच विचारणार आहात?"

तो न चाखताच पुढच्या टेबलाकडे गेला. त्याच्यासोबतच्या जर्मन परीक्षक बाईंनी मात्र दोन पट्ट्या खाल्ल्या आणि नाव कसं उच्चारायचं ते विचारलं. मी सांगितलं, त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

त्याने शून्य दिलं, तरी माझा तिसरा नंबर आला. निकालाच्या फळ्यावर माझ्या पदार्थाचं नाव चान्या असंच लागलं.