आधी जुनं संपवा

मंगळवारी नांदेडच्या एका मोठ्या दुकानात जाऊन मी भांडून आले. हो, मीच... जी भाजीवालीशीसुद्धा आवाज चढवून बोलत नाही. राग अजून गेलेला नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

आमच्या सुनेला, शुभांगीला, सातवा महिना लागलाय. रक्त कमी भरलं. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की सोबत क जीवनसत्त्वाची ताजी फळं खा, म्हणजे गोळी अंगी लागेल.

पोरीला डोहाळे लागले ते नेमके ब्लूबेरीचे! कुठल्या रीलमध्ये पाहिली असेल. पण लग्न होऊन आल्यापासून तिने तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं... म्हणून सोमवारी मन घट्ट करून एक डबी आणली. देवीपुढे ठेवली, मग तिला दिली.

डबी छान होती, हळदी-कुंकवाला कामी येईल म्हणून मी ती धुवायला घेतली. किमतीचं लेबल भिजून निघालं आणि खाली दुसरं लेबल... त्यावर पॅकिंगची तारीख. दीड महिन्याहून जुनी!

मी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारखेची चिठ्ठी लावणारी बाई. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन थेट दुकानात.

दुकानदार म्हणाला, "काकू, कोल्ड स्टोरेजचा माल हाय. काई होत न्हाई त्याला. कसा टवटवीत होता, बघितलं न्हाई का?"

"त्याला होत नसंल बाबा, पण माझ्या सुनेच्या पोटात काय जाऊन राहिलं ते सांग. अन् काईच होत न्हाई तर तारीख झाकली कशाला?"

यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथेच उभी... सगळ्यांना लेबल दाखवत!

घरी येऊन मोबाइलवर वाचलं. मी दहावी शिकलेली, सगळं समजलं असं नाही. पण एवढं कळलं की थंडीत फळ दिसायला टिकतं, जांभळ्या रंगातले गुणही बऱ्यापैकी राहतात, पण क जीवनसत्त्व दिवस जातील तसं घटत जातं. म्हणजे गोळीसोबत जे हवं, तेच कमी झालेलं! वरून टवटवीत आणि आतून... अशी फसवणूक पोटुशा बाईची करायची?

स्वयंपाकघरात माझ्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. बोलता बोलता मी फ्रिजमधून एक सुकलेली मोसंबी काढून शुभांगीपुढे ठेवली. "आधी ही संपव, मग परवाचे पेरू काढू."

ती मोसंबीकडे बघत हळूच म्हणाली, "आई, रागावू नका... पण ताजं फळ आपल्या घरात मी खाल्लंय कधी?"

पेपरामागून आमचे हे म्हणाले, "तू तर दोन वर्षांपूर्वी या घरात आलेली. मी तीस वर्षांपासून वाट बघून राहिलो!"

खरंच की... नवीन फळ आलं की त्यातलं एक देवीला, बाकीची खाली, जुनी वर. वाया काही जाऊ नये म्हणून आधी जुनं संपवायचं. ते संपेपर्यंत नवं जुनं होतं. फ्रिज भरलेला, आणि घरादाराच्या पानात कायम सुकलेलं फळ. डॉक्टरबाईंनी 'ताजी' म्हटलं होतं, ते मी ऐकलंच नव्हतं.

पेरू काढले. एक माहूरच्या आईपुढे ठेवला, एक तिथेच चिरून शुभांगीला गोळीसोबत दिला. मोसंबी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी संपवली, टाकायची थोडीच!

त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. तारीख झाकणं हे पापच. पण त्याने निदान तारीख बघून तरी झाकली होती... बरण्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या मला फ्रिजमधलं फळ किती दिवसांचं, हे बघायचं सुचलंच नाही.

शुभांगी, बोललीस ते फार बरं केलंस गं.