जिभेला लावलेला खडा

दगड दिसला की ते आधी त्याच्यावर फुंकर मारायचे, मग अंगठ्याने पुसायचे आणि मग तो जिभेला लावायचे. मिठाईच्या दुकानात आपण नमुन्याचा तुकडा चाखतो ना, तितक्या सहज. आजूबाजूला कोण बघतंय याची त्यांना पर्वा नसायची. बघणाऱ्यांत मीही होतो.

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत ते राहायला आले त्याच आठवड्यात आवारात पसरायला खडीचा ट्रक आला होता. बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, बी विंगमधले नवे काका खडी खातायत."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. खडी खाण्याविषयी आमच्या नियमावलीत काही नाही, पण चौकशी करणं माझं काम. मी बावीस पायऱ्या उतरून खाली गेलो.

"काका, काही हवंय का?"

"नाही. हिला विचारत होतो, तू कोण."

"मग?"

"म्हणते, मी बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन झाले. माझ्या पोटात काही साठत नाही, पुढे व्हा." खडा जिथून उचलला होता तिथेच त्यांनी परत ठेवला. "चौतीस वर्षं गाळाच्या खडकांत काढली आणि घर घेतलं ते या काळ्या दगडावर. बायको असती तर पोट धरून हसली असती."

ते भूवैज्ञानिक होते. समुद्रात तेलासाठी विहिरी खणतात, तिथे रिगवर. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मी तिथल्या तिथे आकडा काढला. "म्हणजे सतरा वर्षं पाण्यावर, काका."

"घरच्या चौदातले चार झोपेत जायचे," ते म्हणाले. "तेही धरा."

हे कुणीतरी माझ्याच जातीचं माणूस आहे असं मला वाटलं. तो माझा पहिला चुकीचा निष्कर्ष.

सांगायला लाज वाटते, पण वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत माझी अशी समजूत होती की जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि आपण त्यात नळी घालतो. तुमचीही असेल तर शरमू नका. मी त्यांच्यासमोर हे बोललो तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि बशीत पाव ठेवला.

"हा तुमचा खडक. समुद्राच्या तळाशी गाळ, शंख-शिंपले, वाळू साठत गेली, दाबली गेली, दगड झाला. पण मध्ये भोकं राहिली. तेल त्या भोकांत." त्यांनी पावाचं टोक चहाला लावलं. चहा वर चढला. "भोकं एकमेकांना जोडलेली हवीत. थर्माकोलमध्येही भोकं असतात, बुडवून बघा. काही चढत नाही."

"पण तेल त्या भोकांत आलं कुठून?"

"खालच्या काळ्या चिखलात मेलेले जीव शिजून. हलकं, म्हणून वर निघतं. वर निघतं ते निघतंच. म्हणून वरती झाकण लागतं, घट्ट चिकणमातीच्या दगडाचं, पालथ्या कढईसारखं. कढईखाली आधी गॅस, मग तेल, मग खारं पाणी. झाकण नसलं तर सगळं कधीच उडून गेलेलं असतं, आणि आम्ही नुसते हात हलवत परत."

"शंभर भागांत भोकं किती?"

"वीस असली तर आम्ही खूश."

मी लगेच आमच्या ए विंगएवढ्या खडकात किती तेल मावेल ते काढलं आणि टँकरमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "त्यातलं एक तृतीयांश बाहेर आलं तरी पेढे वाटा."

"आणि उरलेलं?"

"राहतं तिथंच. दगडाला धरून."

हे वाक्य त्यांनी पावाचा तुकडा तोंडात टाकत उच्चारलं. मी ते नोंदवलं नाही. नोंदवण्यासारखा आकडा त्यात नव्हता.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र सगळ्या सोसायटीला पाठ होतं: "हळू ओढा." चहाचा मोठा घोट घेतला की, "हळू ओढा." सभेत दोघे एकदम बोलले की, "हळू ओढा." कुणी गाडी घाईने बाहेर काढली की हात वर करून तेच. हे आलं कुठून ते त्यांनी मला एकदाच सांगितलं.

तरुणपणी त्यांच्याकडे एक विहीर होती. चांगली विहीर, चुनखडकातली. वरच्यांना जास्त तेल हवं होतं, लवकर हवं होतं. काकांना ठाऊक होतं की जोरात ओढलं तर खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि नळीचं तोंड गाठतं. त्यांनी तसं सांगितलंही, पण हळू आवाजात. मग कागद पुढे आला. सात महिन्यांत विहिरीतून नुसतं पाणी यायला लागलं.

"पंप बंद केला की पाणी परत खाली जात नाही?" मी विचारलं.

"जातं. पण ते आपल्या घड्याळाने जात नाही." मग म्हणाले, "सही माझी होती."

आता आमच्या पाण्याविषयी. नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकापुरतं. अंघोळ, कपडे, भांडी सगळं बोअरवर. अठ्ठेचाळीस घरं, एक बोअर. समुद्र जवळ, त्यामुळे खाली खारं पाणी आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतंय, तेलासारखंच. हे काकांनी आल्याबरोबर ओळखलं आणि कुणी न सांगता एक काम अंगावर घेतलं. रोज सकाळी सात वाजता पंपाच्या खोलीत जायचं, बोअरचं चमचाभर पाणी जिभेवर घ्यायचं, थुंकायचं आणि खिळ्याला टांगलेल्या वहीत आकडा लिहून सही करायची.

आकड्यांची मोजपट्टी त्यांची स्वतःची. शून्य म्हणजे पावसाचं. एक म्हणजे शहाळं. दोन, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा वारा. दिसत नाही, जिभेच्या कडेला लागतो. तीन, सुकटीची टोपली. चार, पाचूबंदर, म्हणजे थेट समुद्र. "चारच्या पुढे होडी घेऊन या," असं खाली लिहिलं होतं.

मला या मोजपट्टीने झोप येईना. शहाळ्या-शहाळ्यात फरक असतो. मी पाण्यातले क्षार मोजणारा पेनाएवढा मीटर आणला आणि एकतीस दिवस त्यांच्या जिभेशी ताडून पाहिला. दोनच दिवस फरक पडला. त्यातल्या एका दिवशी मीटरचा सेल उतरलेला निघाला. मी प्रामाणिक माणूस. वहीत "जीभ विश्वसनीय आढळली" असं लिहून सही केली आणि मीटर कपाटात ठेवून दिला. हा माझा दुसरा निष्कर्ष. पहिल्यापेक्षा महागात पडला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुरेना. मी गणित मांडलं. दोन हॉर्सपॉवरचा पंप तीन तासांत टाकी भरतो. तीन हॉर्सपॉवरचा दोन तासांत भरेल. तो तीन तास चालवला तर दीडपट पाणी. फळ्यावर लिहून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिली वेळ, म्हणून मला नीट आठवतं.

काका उभे राहिले. "हळू ओढा."

"काका, हे तेल नाही. पाणी आहे," मी म्हणालो. लोक हसले. तेही माझ्यासाठी पहिल्यांदाच.

त्यांनी सोबत शेजारच्या वाडीतल्या आबांना आणलं होतं. आबांची केळीची बाग आणि तिच्या कडेला जुनं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आबा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आमच्या बावखलावर रहाट होता. बैल दमला का थांबायचा. बैल थांबला का पानी पन विसावा घेई. मोठ्या मशिनी ज्यांनी लावल्या त्यांच्या केली जलल्या. आमचं पानी कधी खारं नाय झालं."

"बैल तासाला किती फेरे मारायचा, आबा?" मी विचारलं.

आबांनी काकांकडे पाहिलं. "ह्ये तुमचे शेक्रेटरी काय?"

सदतीस हात वर झाले, एक खाली राहिला. पंप बसला.

एकोणीस दिवस मी सोसायटीत छाती पुढे काढून हिंडलो. "पाणी दीडपट, प्रत्यक्षात १.४८" अशी सूचनाही फळ्यावर लावली. विसाव्या दिवशी बायको साबणाची वडी घेऊन बाहेर आली. "फेस येत नाही. आणि तुमची बादली बघा, कडेला पांढरं धरलंय."

मी चूळ भरली. पाचूबंदर.

खरं सांगतो, पहिली भावना दुःखाची नव्हती. पहिली भावना अशी की वहीत काय लिहिलंय ते बघू. मी धावतच गेलो. पंप बसल्यापासून रोज एक. शहाळं, शहाळं, शहाळं, खाली सही. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. चूक दुसऱ्याची निघाली होती, आणि लेखी.

वही घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "काका, पाणी चारच्या पुढे गेलंय. तुम्ही आजही एक लिहिलंत!"

त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली, परत दिली. "मार्चपासून चव नाही मला," ते म्हणाले. "नवीन गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून. पाणी, चहा, दगड, सगळं सारखंच."

"मग लिहीत का होतात?"

"नाही तर सकाळी सातला जायचं कुठे?"

मग ते म्हणाले, "सभेत मी म्हणालो हळू ओढा. पण वहीत रोज एक लिहून तुमचा पंप चालू ठेवला तो मीच. दुसऱ्यांदा सही केली हो मी."

त्या क्षणी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पंप माझा आहे, काका." ते खरंही होतं. पण एवढंच सुचलं.

जुना पंप परत बसवला. एक तास चालवायचा, तीन तास थांबवायचा. लोक त्या तीन तासांना बैलाचा विसावा म्हणू लागले आणि मला बैल. मी हरकत घेतली नाही.

"पाणी गोडं कधी होईल?" मी काकांना विचारलं.

"पाऊस वरून दाबेल, खारं खाली बसेल."

"किती दिवसांत?"

"दगडाला विचारा."

आणि सकाळी सातचं काम बंद पडलं नाही. चव मी घ्यायची आणि त्यांनी लिहायचं, असं ठरलं. कपाटातला मीटर मी खिशात ठेवत असे, पण आधी जीभ, हा त्यांचा नियम. त्यांनी मला शिकवायला घेतलं. शिकवणं म्हणजे टोमणे.

"काय लागतंय?"

"खारट."

"खारट काय, अहो, वेफर्स आहेत का ते? कुठे लागतंय? टोकाला, मध्ये, कडेला?"

"कडेला. आणि गिळल्यावर घशात."

"गिळू नका! आणि घशात म्हणजे तीन." ते लिहायचे. मी मीटर काढून बघायचो. बहुतेकदा तीनच असायचे. ज्या माणसाला स्वतःला काही लागत नव्हतं, तो माझ्या जिभेवरचं पाणी माझ्यापेक्षा बरोबर वाचायचा. गोष्ट छोटी आहे, पण मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन कुणाला काही सांगितलं नव्हतं. बायको म्हणते, तिला तर नाहीच.

एक पावसाळा गेला. चारचे तीन झाले. दुसरा गेला, दोन आणि तीनच्या मध्ये घुटमळायला लागलं. तोवर काकांना पंपाच्या खोलीपर्यंत येणं जमेनासं झालं. मी वही आणि छोट्या बाटलीत पाणी घेऊन त्यांच्या पलंगाशी जायचो. त्यांची मुलगी बडोद्याहून येऊन राहिली होती. आम्हा दोघांकडे बघून ती रोज स्वयंपाकघरात जाई.

त्या सकाळी ते फार थकलेले होते. मी पाणी तोंडात घेतलं. कडेला लागलं, स्पष्ट लागलं. पेल्यात थुंकलो.

"काय?"

"शहाळं," मी म्हणालो.

"कडेला काही?"

"काही नाही."

"मीटर काय म्हणतो?"

"मीटर घरी राहिला." तो माझ्या खिशात होता. मांडीला टोचत होता.

त्यांनी पेन मागितलं. एक लिहायला त्यांना बराच वेळ लागला. सहीला त्याहून जास्त. मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आता गोडं झालं म्हणून लगेच..."

"हळू ओढतो, काका."

त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

या वर्षी पाऊस संपल्यावर मी नेहमीप्रमाणे सातला पंपाच्या खोलीत गेलो. जिभेवर पाणी घेतलं, टोकाला, मध्ये, कडेला फिरवलं. मग मीटर बुडवला. दोघांचं एकमत झालं. मी वहीत एक लिहिलं.

त्यांच्या एकात आणि माझ्या एकात अकरा महिन्यांचं अंतर आहे, आणि मधल्या सगळ्या पानांवर माझ्या अक्षरात दोन आणि तीन. पुढचा सेक्रेटरी वही तपासेल तेव्हा काकांच्या त्या एका आकड्यावर त्याचं बोट थांबेल, आणि थांबायलाच हवं. मी तो खोडलेला नाही. खाली सही आहे.